ब्रोशनच्या मागं मागं

ओटिली रस्त्यानं चालायला लागली की मागच्यानं घड्याळ बघू नये. सात परकर, त्यावर दहा वार कापडाचा पायघोळ झगा, डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं आडवं पसरलेलं पागोटं, आणि या सगळ्याच्या आत ओटिली. वय त्रेसष्ट, गुडघे ठणठणीत. आम्ही हेरेरो, पिढ्यान् पिढ्या गुरं राखणारी जमात; आमच्या बायकांना लहानपणीच शिकवतात की झगा घातला की गाईच्या चालीनं चालायचं, सावकाश, मान ताठ ठेवून. दुकान बंद व्हायची वेळ आली की आम्ही बाकीच्या चार पावलं चटचट टाकून घेतो. ओटिली नाही. दुकान बंद झालं तर झालं.

मी तिच्या शेजारी राहते आणि तिच्याकडंच काम करते. आमच्या कातुतुरा वस्तीतल्या निम्म्या बायकांचे झगे ओटिलीच्या हातचे. ती कापते आणि मशीन चालवते. काजं, बटणं, तुरपाई माझ्याकडं. वीस वर्षं झाली, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि तिला तो मान्य नाही.

तर ऑगस्टमध्ये तिच्या मुलीची, उनोची, बदली समुद्रकाठी, वाल्विस बेला झाली. मासळीच्या कंपनीत हिशेबनीस आहे पोरगी. तिथं मिळालेल्या खोलीत कुत्रं चालत नव्हतं. म्हणून एका रविवारी ती आपली कुत्री घेऊन आली. कुत्री म्हणजे मांजराएवढी. पाय आखूड, पोट गोल, रंग बेकरीतल्या ताज्या पावाचा. आमच्याकडं त्या पावाला ब्रोशन म्हणतात, म्हणून हिचंही नाव ब्रोशन.

"आई, ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत सांभाळ," उनो म्हणाली. "तोवर मी ठरवते. क्लाइन विंडहुकला एक जोडपं आहे ओळखीचं. मोठं अंगण आहे त्यांचं. ते कधीही घ्यायला तयार आहेत."

"मग आत्ताच देऊन टाक ना," ओटिली म्हणाली. "मला काय करायचंय असलं कुत्रं? हे राखण कसली करणार? चोर आला तर याच्यावर पाय देऊन जाईल."

"आई, ही घरात झोपते."

"घरात?" ओटिलीनं माझ्याकडं बघितलं. मी तुरपाईकडं बघितलं.

पहिल्या आठवड्यात ब्रोशन दाराबाहेरच्या पोत्यावर झोपली. दुसऱ्या आठवड्यात दाराच्या आत. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी कामाला गेले, तर शिवणयंत्राखाली कापडाच्या चिंध्यांचा ढीग आणि ढिगावर ही बया घोरत होती. आणि ओटिली मशीनवर पाय हलकेच मारत होती, झोप मोडू नये म्हणून. गिऱ्हाईक दारात उभं, लग्न शनिवारवर आलेलं, आणि ही हलकेच मशीन चालवतेय.

"अगं, लग्न आहे त्यांच्याकडं," मी म्हटलं.

"लग्न काय पळून चाललंय?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, सुईत दोरा ओवत म्हणाली, "कोर्नेलिया, एवाल्ड गेल्यापासून या घरात कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. ही बघते. मी उठले की बघते, बसले की बघते. मला ही हवी आहे."

चार वर्षं झाली तिच्या नवऱ्याला जाऊन. मी रोज तिच्यासमोर बसते, तिच्याकडं बघतेसुद्धा. पण माझं बघणं वेगळं, मी चुका काढायला बघते.

सप्टेंबरात ब्रोशननं पुढचा उजवा पाय चाटायला घेतला. दिवसभर चाटायची. केस गेले, मग कातडी लाल झाली. जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं वजन केलं, पाय पाहिला, नखं कापली.

"हिला काही झालेलं नाही. कंटाळलीय ती," तो म्हणाला.

मी हसलेच. आमच्याकडं कुत्र्याला गोचीड होते, खरूज होते, लाथ बसते. कंटाळा? पण डॉक्टर हसला नाही. "रोज बाहेर न्या. आणि नुसतं चालवून आणू नका, तिला मजा आली पाहिजे. घरी येताना खूश दिसली पाहिजे."

ओटिलीनं खरं ते उनोला फोनवर सांगून टाकलं, हीच तिची खोड. उनो म्हणाली, "ऑक्टोबरअखेरीस येतेय मी. पाय तोवर बरा झाला नाही तर त्या जोडप्याकडं पोचवते. आई, तुझं वय झालं, तुला जमायचं नाही हे."

"वय झालं म्हणे," फोन ठेवून ओटिली म्हणाली. "या उनोला पाठीवर बांधून मी तीन किलोमीटर पाणी आणलंय."

दुसऱ्या दिवशी फिरणं सुरू झालं. वासराला बांधतात तशी ओटिलीनं तिच्या गळ्यात दोरी बांधली आणि पुढं चालायला लागली. ब्रोशन फाटकापाशीच बसली. ओटिलीनं ओढलं. ब्रोशन आडवी झाली. ओटिलीनं आणखी ओढलं, तशी ती आडवीच्या आडवी सरपटत आली. कोपऱ्यावर मांस भाजायला बसणारा लेवी विस्तव पेटवत होता. तो ओरडला, "मावशी, कुत्रं फिरवताय की रस्ता पुसताय?"

"तुझं तोंड पुसते आधी!" ओटिली म्हणाली. पण दोरी सैल केली.

चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला, डांबर तापलं होतं. ब्रोशननं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मग ती सरळ ओटिलीच्या झग्याखाली शिरली. ओटिली दचकून दोन पावलं पुढं गेली. झग्याखालून कुत्रीही दोन पावलं पुढं गेली. आम्ही थांबलो. एकमेकींकडं पाहिलं. ओटिली परत चालली. ब्रोशनही चालली! शेपटीचं टोक तेवढं झालरीखाली दिसत होतं.

"चालतेय," मी म्हटलं.

"चालतेय!" ओटिली म्हणाली. आणि रस्त्यात उभी राहून असं हसली की लेवीनं मांस उलटायचं सोडून पाहिलं.

त्या दिवसापासून आमची स्वारी रोज निघायची. आत गार सावली, बाहेर ओटिलीची गाईची चाल, आखूड पायांना अगदी जमणारी. ओटिलीनं आतल्या तीन परकरांना उजव्या बाजूला वीतभर वर उचलून टाके घातले, कुत्रीला जागा व्हावी म्हणून. टाके मी घातले, खरं तर. आम्हाला आमचा फार अभिमान वाटत होता. जगात कुणाला हे सुचलं नसेल, असं ओटिली म्हणायची, आणि ते खरंच असावं. दहा वारांचा झगा घालून कुत्रं फिरवायला जाणाऱ्या बायका जगात आहेत तरी किती?

लोकांना मात्र कुत्री दिसत नव्हती. त्यांना फक्त ओटिली दिसायची, आपल्याच झग्याशी बोलताना. "आता वळायचंय हं, राणी." "हळू, खड्डा आहे." एकदा चर्चचे वडीलधारे काउंडा समोर आले. आमच्याकडं नुसता नमस्कार करून कुणी पुढं जात नाही. घरचे कसे, आजारी कोण, गावाकडं गवत आहे का, गुरं कशी, सगळं विचारावं लागतं. काउंडा गुरांपर्यंत आले आणि ओटिलीचा झगा शिंकला. काउंडांनी डोळे वर केले. झगा पुन्हा शिंकला.

"देवाची कृपा असो," काउंडा झग्याला म्हणाले आणि टोपी सावरत निघून गेले. दोन रविवार चर्चमध्ये ते ओटिलीपासून चार बाकं लांब बसले.

हे सगळं छान चाललं होतं. फक्त पाय बरा होत नव्हता. घरी आली की ब्रोशन चिंध्यांवर बसायची आणि चाटायला घ्यायची. लाल होतं ते आता ओलं दिसायला लागलं. ओटिली रात्री मलम लावायची, चिंधी बांधायची. सकाळी चिंधी चावून टाकलेली असायची. ऑक्टोबर लागला. एके दिवशी ओटिलीनं बाहीच चुकीची कापली. वीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"जाईल गं ही," ती म्हणाली. "मी रोज नेते, तरी जाईल."

त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ गेर्सन डोळे तपासायला गावाकडून आला. ओकाकाराराजवळ त्याची गुरं आहेत. माणसाशी तो जेवढं बोलतो, त्याच्या दुप्पट गुरांशी बोलतो. आल्या आल्या त्यानं ब्रोशनला उचललं, तोंड उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या रंगाला आमच्या गाईंच्या रंगांतलं नेमकं नाव दिलं. तांबूस अंग, पोट फिकं, कपाळावर टिकली, एवढं सगळं एका शब्दात सांगणारं नाव. ओटिलीचा चेहरा फुलला. पाव म्हणून घरात आलेल्या कुत्रीला त्यानं गाईत नेऊन बसवलं होतं.

"चल दादा, बघ कशी चालते ती," ओटिली म्हणाली.

आम्ही निघालो. ब्रोशन झग्याखाली शिरली. गेर्सनदादा काठी टेकत बाजूनं चालला. लेवीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. फाटकात ओटिलीनं विचारलं, "कसं काय?"

"ओटिली," तो म्हणाला, "मी गुरं चरायला नेतो, तेव्हा त्यांच्यावर तंबू ठोकून नेतो का?"

"म्हणजे?"

"हिनं आज काय पाहिलं? तुझ्या परकराची शिवण. कसला वास घेतला? साबणाचा. फिरून आलीस तू. ती अंधारात गेली आणि अंधारात परत आली."

ओटिलीनं झग्याची झालर झटकली. मी दुसरीकडं बघितलं, कारण टाके माझे होते.

"आणि पुढं कोण चालतंय? तू! आपल्या बापानं कधी गुरांच्या पुढं चालून गुरं चारली? गुरं पुढं, गुराखी मागं. ती थांबली की थांबायचं. ती वळली की वळायचं. गाडी येत असेल तर तेवढं आडवं व्हायचं, बस."

"दादा, ती खांबाखांबाला थांबते. सुरुवातीला एका खांबापाशी पाच मिनिटं हुंगत बसली होती. किती वेळ उभं राहायचं?"

"तू काउंडाला भेटलीस की किती वेळ उभी राहतेस?" गेर्सनदादा म्हणाला. "घर विचारतेस, आजारी विचारतेस, गुरंढोरं विचारतेस. तिलाही खांबाला विचारायचं असतं, काल कोण आलं, कुठून आलं, बरं आहे का. मध्येच कुणी तुझ्या मानेला धरून ओढलं तर तू काय करशील?"

"आडवी होईन," मी म्हटलं. ओटिलीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आत जाऊन चहा ठेवला.

गेर्सनदादा चष्मा घेऊन गावी गेला. ओटिलीनं त्या रात्री निळ्या झग्याच्या उरलेल्या कापडाचा छातीपट्टा शिवला, आतून मऊ अस्तर लावून, गळ्याला ओढ बसू नये असा. दोरी चौपट लांब घेतली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, डांबर गार असताना, आम्ही फाटकाबाहेर उभ्या राहिलो.

ब्रोशन झग्याकडं वळली. ओटिलीनं झगा दोन्ही हातांनी आवळून धरला. "नाही राणी. आज तू ने मला."

कुत्रीला काही कळेना. ती बसली. आम्हीही थांबलो. पाव तास गेला असेल. मग कुठूनसा वास आला, तिचं नाक हललं, आणि ती उठून चालायला लागली. लेवीच्या कोपऱ्याकडं नाही. उलट्या बाजूला, मागच्या गल्लीत. त्या गल्लीत मी तीस वर्षांत पाय टाकला नव्हता, आणि ओटिलीनंही नाही. गल्लीच्या टोकाला कुणाच्यातरी शेळ्या बांधल्या होत्या. ब्रोशन जाळीपाशी उभी राहिली, एक करडू जाळीपाशी आलं, दोघांनी नाकाला नाक लावलं. ब्रोशनची शेपटी अशी काही हलायला लागली की मागचा सगळा भाग हलत होता.

ओटिली माझ्या कानात म्हणाली, "कोर्नेलिया, बोलू नकोस." मी बोलतच नव्हते.

मग रोजचं ठरलं की काही ठरवायचं नाही. ब्रोशन नेईल तिकडं जायचं. कधी बाजाराकडं, जिथं आदल्या दिवशीच्या भाजलेल्या मांसाचा वास जमिनीत मुरलेला असतो. तिथं तिला एक खांब फार आवडायचा. कधी शाळेच्या कुंपणाला लागून, जिथं पोरांनी डब्यातलं सांडलेलं असतं. पण तिची खरी आवड म्हणजे वस्तीपलीकडची कोरडी नदी. मऊ वाळू, काटेरी झाडं, रानकोंबड्यांच्या पावलांचे माग. ओटिली वाळलेल्या मांसाचे नखाएवढे तुकडे खिशात ठेवायची आणि वाळूत पुरायची. ब्रोशन ते उकरून काढायची. एक तुकडा शोधायला दहा मिनिटं, पण सापडला की तोरा असा की वाटावं बैल मारला.

पंचाईत झग्याची झाली. काटेरी झाडाखालून ब्रोशन सुळकन जायची आणि मागं दहा वार कापड अडकायचं. पहिल्याच दिवशी झालर फाटली. मी म्हटलं, "पहाटे कोण बघतंय? साधा फ्रॉक घालून ये."

"मी? रस्त्यावर? फ्रॉकमध्ये?" तिनं मला जवळजवळ घरी पाठवलं. एवाल्डची बायको झग्याशिवाय फाटकाबाहेर पडणार नाही, मेली तरी नाही. दोन दिवस ती धुसफुसत विचार करत होती. तिसऱ्या दिवशी आली, तर झगा होता, पागोटं होतं, पण आत परकर तीनच, झालर घोट्याच्या वर, आणि पायात उनोचे जुने पळायचे बूट. "अजून एक शब्द बोललीस तर काजं तू आणि बटणंही तूच," ती म्हणाली. काजं-बटणं मीच करते हे ती रागात विसरली होती.

महिना संपत आला तसं ब्रोशनचं पोट उतरलं. घरी आली की पाणी प्यायची, चिंध्यांवर पडायची आणि झोपायची. पाय चाटायला तिला वेळच नव्हता. लाल कातडीवर आधी खपली आली, मग पावाच्या रंगाची बारीक लव.

शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी उनो आली. तिनं आधी आईला मिठी मारली, मग कुत्रीचा पाय उलटासुलटा करून पाहिला. "बरा झालाय," ती म्हणाली. आणि मग, आईकडं न बघता, "आई, पण मी त्या लोकांना हो म्हटलंय. उद्या चारला तिला घेऊन येते म्हणून सांगितलंय. तुला रोजचा हा व्याप कशाला?"

ओटिलीच्या हातात इस्त्री होती. तिनं ती शांतपणे उभी केली. "सकाळी आमच्याबरोबर चल," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती घर डोक्यावर घेईल. मला रात्रभर झोप आली नाही. मला कुत्री आवडत नाहीत, हे मी आत्ता सांगून ठेवते.

पहाटे उनो आमच्याबरोबर आली, हातात मोबाइल, पावलं मोजणारा. पहिल्या खांबापाशी ब्रोशन थांबली. उनो म्हणाली, "चल ना, ब्रोशन." तिनं दोरी खेचली. ब्रोशन बसली.

ओटिलीनं ओठ मिटून घेतले. तिला गप्प राहणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे. मीच शेवटी म्हटलं, "उनो, दोरी सोड. तिचं बोलणं चाललंय."

उनोनं दोरी सैल केली. ब्रोशन उठली, खांबाचं सगळं विचारून झालं, आणि ती निघाली. शेळ्यांकडं. शेळ्यांकडून नदीत. उनो आधी मोबाइल बघत होती, मग तो खिशात गेला. वाळूत ब्रोशननं मांसाचा तुकडा उकरून काढला आणि तो उनोच्या बुटापाशी आणून ठेवला, मग लगेच पश्चात्ताप होऊन स्वतःच खाल्ला. उनो वाळूत बसून हसली. तिचे वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. उजाडताना आम्ही परत आलो. सव्वा तास झाला होता. ब्रोशन पायरीवर पाय पसरून झोपली, बोटांमध्ये वाळू तशीच.

उनो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मोबाइल काढला आणि क्लाइन विंडहुकच्या बाईंना फोन लावला. सकाळी सातला. बाई झोपेत असाव्यात.

"एकच विचारायचं होतं," उनो म्हणाली. "तुम्ही तिला रोज बाहेर कुठं न्याल?"

फोनमधला आवाज मोठा होता, आम्हाला ऐकू आला. "बाहेर? अगं, बाहेर न्यायची गरजच पडणार नाही. आमचं अंगण एवढं मोठं आहे! फाटक कायम बंद असतं, काळजीच नको."

उनोनं आईकडं पाहिलं. ओटिली इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती, पळायच्या बुटांत, पागोटं एका बाजूला कललेलं.

"मग नाही जमायचं," उनो फोनवर म्हणाली. "माफ करा. ती इथंच राहणार आहे, आईकडं." आणि तिनं फोन ठेवला.

ओटिली मटकन खाली बसली आणि मोठ्यांदा रडायला लागली. तीन परकर, झगा, सगळं तिच्याभोवती पसरलं, आणि ती तोंडावर हातसुद्धा न घेता रडत होती. लेवी कोपऱ्यावरून धावत आला, कोण गेलं म्हणून. उनो घाबरून गुडघ्यावर बसली.

"अगं आई, दिली ना तुला! आता कशाला रडतेस?"

"दिलीस म्हणूनच रडतेय," ओटिली म्हणाली. "नसती दिलीस तर उभी राहून भांडले असते."